खंजिरी भजनाच्या डीव्हीडी का अटकतात : प्रकल्प नोंदी

४ फेब्रुवारी २०२४

आमच्या वस्तीतल्या खंजिरी भजन मंडळाकडे २००६ ते २०११ या काळातल्या कार्यक्रमांचं चित्रीकरण आहे. मूळ मिनी डीव्ही टेपांवर पुढच्या वर्षी दुसरं शूटिंग झालं, त्यामुळे त्या गेल्या. उरल्या त्या मंडळातल्याच एकाने घरच्या कॉम्प्युटरवर राईट केलेल्या डीव्हीडी, त्यांच्या कॉप्या आणि कॉप्यांच्या कॉप्या. त्यातल्या निम्म्याअधिक कुणा ना कुणाच्या घरी अटकतात. ३० एप्रिलला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची जयंती, म्हणजे ग्रामजयंती. त्या दिवशी जुन्या मंडळींना नीट चालणारा संच द्यायचा असं ठरलं आहे. काम माझ्याकडे आलं, कारण डीव्हीडी रायटर लावलेला डेस्कटॉप वस्तीत आता फक्त माझ्याकडे आहे.

पिशवीतून आलेल्या बहुतेक डिस्कवर चिठ्ठी आहे : 'चालत नाही'. एकीवर 'भलतीच अटकते'. एवढ्यावरून काही करता येत नाही, म्हणून आधी वही घातली. प्रत्येक डिस्कला नंबर, आणि प्रत्येक घरी तेच प्रश्न. लावल्याबरोबर 'नो डिस्क' येतं का? चालून मग अटकत असेल तर कितव्या मिनिटाला? काढून पुन्हा लावली तर तिथंच अटकते का? शेजाऱ्यांच्या प्लेअरवर काय होतं? तुमच्या प्लेअरवर दुकानातून आणलेली, कारखान्यात छापलेली डीव्हीडी चालते का?

शेवटचा प्रश्न बिनकामाचा वाटतो, पण अर्धी छाननी त्यातच होते. छापील डिस्कसुद्धा चालत नसेल तर आमच्या डिस्कवर मेहनत करण्यात अर्थ नाही.

१० फेब्रुवारी

नागपुरात महाल, सक्करदरा, नंदनवन, मानेवाडा फिरून आलो. सक्करदऱ्याच्या काकूंनी सगळ्यात नेमकी माहिती दिली : "अरे, तासभर चांगली चालते न. मंग पेटी वाजवणारा असा तोंड उघडून बसते की बसूनच राहते." मी विचारलं, दर वेळी पेटीवालाच का? "हो न! कधीही लावून पाह्य, तोच."

दर वेळी तोच माणूस, म्हणजे दर वेळी डिस्कवरची तीच जागा. नंदनवनच्या दादांकडे मात्र आज वीस मिनिटांवर, उद्या पस्तिसावर, परवा बिनधोक शेवटपर्यंत. ते दुखणं निराळं. जागा बदलत असेल तर मी आधी प्लेअरच्या लेन्सवर संशय घेतो, जागा पक्की असेल तर डिस्कवर.

सगळीकडे एक वाक्य ठरलेलं : "पण पोराच्या कॉम्प्युटरवर तर चालून राहिली." चालणारच. व्हीएलसीसारखं सॉफ्टवेअर खराब तुकडा आला की तो गिळून पुढं जातं, आणि कॉम्प्युटरची ड्राइव्ह तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून पाहते. घरच्या प्लेअरकडे स्मृती थोडी. चित्र चालू असतानाच त्याला पुढचं वाचून ठेवावं लागतं. शिवाय तो डीव्हीडी-व्हिडिओच्या नियमांबाहेर फारसा जात नाही. कॉम्प्युटरवर चालली याचा अर्थ डिस्कवर काहीतरी आहे, एवढाच.

११ फेब्रुवारी

सोप्या तक्रारी आज एका बैठकीत निकालात काढल्या.

चार-पाच डिस्कवर डीव्हीडीची रचनाच नव्हती, नुसती व्हिडिओची फाइल टाकून राईट केलेलं. प्लेअरला डिस्कच्या मुळाशी 'व्हिडिओ टीएस' नावाचं फोल्डर लागतं. त्यात आयएफओ फाइली (कुठं काय आहे याची यादी), व्हीओबी फाइली (प्रत्यक्ष चित्र-आवाज, एकेक जास्तीत जास्त १ जीबीची) आणि बीयूपी, म्हणजे आयएफओची जशीच्या तशी नक्कल. एका डिस्कवर हे सगळं बरोबर होतं, पण 'नवीन फोल्डर'च्या आत. प्लेअर आत जाऊन शोधत बसत नाही.

दोन डिस्क निघाल्या प्लस आरडब्ल्यू. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कचं परावर्तन १८ ते ३० टक्के असतं, एकदाच लिहायच्या डिस्कचं ४५ ते ८५. जुने प्लेअर एवढा कमी उजेड परत आला की ही दोन थरांची छापील डिस्क आहे असं धरून चालतात, दुसरा थर शोधतात, आणि दमले की 'नो डिस्क'. यातला मजकूर चांगला आहे, साध्या डिस्कवर घेतला की झालं.

महालातल्या एका घरी चित्र काळंपांढरं आणि वर सरकत राहणारं. टीव्ही जुना पिक्चर ट्यूबचा, डिस्क एनटीएससी. राईट करणाऱ्याने सॉफ्टवेअरमधली अमेरिकी पद्धत तशीच राहू दिलेली : ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ चित्रं. आपल्याकडची पाल पद्धत ७२० बाय ५७६ आणि २५ चित्रांची. प्लेअरच्या सेटिंगमध्ये टीव्हीचा प्रकार पाल केला, प्लेअर स्वतः बदल करून देऊ लागला, रंग आले. डिस्कला हात लावायची गरजच पडली नाही.

८ सेंटीमीटरच्या छोट्या डिस्क बाजूला ठेवल्या. डिस्कवरच थेट शूटिंग करणाऱ्या कॅमेऱ्यातल्या, १.४ जीबीच्या. फायनलाइज केलेल्या नाहीत, म्हणजे शेवटची सूची लिहून डिस्क बंद केलेली नाही. ड्राइव्हला त्या कोऱ्या दिसतात. ज्या कॅमेऱ्यात बंद करायच्या तो कॅमेरा भंगारात गेला. नंतर बघू.

एकाने मंडळाच्या पिशवीत सिनेमाच्या डीव्हीडीची कॉपीही सरकवली होती : चित्रावर हिरवे-गुलाबी चौकोन. छापील सिनेमात सीएसएस कुलूप असतं आणि त्याच्या किल्ल्या डिस्कच्या सुरुवातीच्या भागात, जिथं कोऱ्या डीव्हीडी आरवर मुळात लिहिताच येत नाही. नुसत्या फाइली ओढून घेतल्या की कुलूपबंद मजकूर तसाच उतरतो. तो दुरुस्त करणं म्हणजे कुलूप तोडणं. परत केली.

१८ फेब्रुवारी

आता काकूंचा पेटीवाला. त्याच गटात बऱ्याच डिस्क आहेत : सुरुवात छान आणि शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत कधीतरी खेळ खलास.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. मजकूर साधारण २४ मिलिमीटर त्रिज्येपासून ५८ मिलिमीटरपर्यंत. बाहेरचा वेढा मोठा, त्यामुळे हिशेब मजेशीर होतो : पूर्ण भरलेल्या डिस्कचा शेवटचा १५ टक्के मजकूर कडेच्या पावणेचार मिलिमीटरांत बसतो. नेमकी तीच कड आपण बोटांनी धरतो, तीच पाकिटात घासते, आणि डिस्क जराही वाकडी असली तर लेसरचा कोन सगळ्यात जास्त तिथंच बिघडतो.

या गटातल्या बहुतेक डिस्कवर महाराजांच्या फोटोचं कागदी स्टिकर लावलेलं आहे. श्रद्धेने लावलं हे खरं, पण तेच नडलं. कागद ओल धरतो, सुकला की आकसतो, डिस्कला किंचित वाटीसारखा बाक येतो. स्टिकर एका बाजूला सरकलेलं असलं तर फिरताना तोलही जातो. काचेवर ठेवून पाहिल्या. स्टिकरवाल्यांच्या कडेखालून कागद सहज सरकतो, बिनस्टिकरच्या सपाट बसतात. स्टिकर खरवडून काढायच्या फंदात पडू नये, वरचा थर सोलून येण्याची भीती असते. आधी मजकूर काढून घ्यायचा, मग काय ते करा.

सगळ्या डिस्क काठोकाठ भरलेल्या, हेही आलंच. ४.७ जीबी लिहिलंय म्हणून ४.७ जीबी भरायचं.

२४ फेब्रुवारी

माझ्याकडची जुनी लाइट-ऑन ड्राइव्ह चुका मोजू देते. आताच्या बऱ्याच ड्राइव्ह देत नाहीत. क्यूपीएक्सटूल लावून एकेक डिस्क तपासतो आहे. वेळखाऊ काम, पण आलेख पाहिला की वाद संपतो.

डीव्हीडीवर मजकूर ३२ केबीच्या गठ्ठ्यांत असतो, प्रत्येक गठ्ठ्यात १६ सेक्टर, आणि सोबत आडवी-उभी अशी दोन प्रकारची दुरुस्तीची माहिती. त्यामुळे थोड्या चुका असणं हे रोजचंच, चुका नसलेली डिस्क नसते. मानकाप्रमाणे सलग आठ गठ्ठ्यांत मिळून पीआय चुका (आडव्या दुरुस्तीत सापडलेल्या) २८० च्या वर जायला नकोत, आणि पहिल्या दुरुस्तीतून सुटलेल्या, ज्यांना पीआयएफ म्हणतात, त्या एका गठ्ठ्यात चारपेक्षा जास्त नकोत. काकूंच्या डिस्कचा आलेख ३.६ जीबीपर्यंत जमिनीलगत आणि पुढं सरळ आभाळात. ड्राइव्ह बदलली की आकडे थोडे हलतात, म्हणून एकट्या आकड्यावर फैसला देत नाही. आलेखाचा आकार पाहतो.

बिनस्टिकरच्या, पण पत्र्याच्या खोलीत वरच्या फळीवर राहिलेल्या डिस्क वेगळ्या दिसतात : कडेलाच नव्हे, सगळीकडेच चुका चढलेल्या. राईट करायच्या डिस्कमध्ये मजकूर धरतो तो सेंद्रिय रंगाचा थर. ऊन आणि उष्णता त्याला मानवत नाही. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको.

२ मार्च

कोड्यात टाकणारी डिस्क : २००८ ची कोजागिरी. सगळ्यांकडे ४१ व्या मिनिटाला अटकते. प्लेअर कुठलाही असो, कॉपी कुठलीही असो. त्यातली सगळ्यात नवी कॉपी स्कॅन केली तर आलेख इतका स्वच्छ, की तिला मी नमुना म्हणून जपून ठेवावं.

जागा सगळ्या कॉप्यांत तीच आणि डिस्क तब्येतीने ठणठणीत, म्हणजे खड्डा मजकुरातच आहे आणि डिस्कने तो इमानदारीने जपला आहे. डिजिटल कॉपी पिढ्यान्पिढ्या झिजत नाही हे खरं, पण ते वाचताना चूक झाली नाही तरच. कॉपी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'वाचता न आलेला भाग सोडून द्या' असा एक खुणेचा चौकोन असतो. तिथं टिचकी असली की ते खड्ड्यात शून्यं भरून पुढं जातं, शेवटी 'काम पूर्ण' म्हणतं, आणि तिथून पुढच्या साऱ्या कॉप्या त्या खड्ड्यासकट जन्माला येतात.

तेव्हा पहिली डिस्क हवी. हार्मोनियमवाल्या भाऊंकडे पेटीच्या खोक्यात सापडली. मागच्या बाजूला गोल गोल ओरखडे. कुणीतरी टूथपेस्ट लावून भांडं घासल्यागत घासली होती. डीव्हीडीचा मजकूर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, म्हणून वरवरचा ओरखडा गुळगुळीत केला तर फायदा होऊ शकतो, हे बरोबर. पण घासायचं ते मध्यापासून कडेकडे, सरळ रेषेत. आडवा ओरखडा वाट ओलांडून जातो, दुरुस्तीची माहिती तेवढं सांभाळते. गोल ओरखडा वाटेलगत चालतो आणि सलग मजकूर खातो.

३ मार्च

पहिल्या डिस्कवर जीएनयू डीडीरेस्क्यू सुरू केलं. याची रीत मला आवडते : आधी चांगला भाग सरसकट उचलायचा, अडलं की हट्ट न करता पुढं जायचं, आणि कुठं काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत ठेवायचा. हट्ट करायचा तो शेवटी. फाइली ओढून कॉपी करण्याची पद्धत याच्या उलट : पहिल्या खड्ड्यापाशीच डोकं आपटत बसते, आणि तोवर ड्राइव्ह तापते.

ड्राइव्हचा वेग ४ एक्सवर बांधला. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला १.३८५ एमबी. हळू फिरवलं की वाकडी किंवा ओरखडलेली डिस्क वाचायला लेसरला जरा उसंत मिळते. नेहमीच फरक पडतो असं नाही, आज पडला.

९ मार्च

तोच नकाशा, तीच इमेज (डिस्कची एका फाइलीत उतरवलेली अख्खी नक्कल), पण डिस्क आता यूएसबीवरच्या बाहेरच्या ड्राइव्हमध्ये. प्रत्येक ड्राइव्हची लेन्स निराळी, चूक सुधारण्याची पद्धत निराळी. एकीने सोडलेलं दुसरी वाचते. डीडीरेस्क्यू फक्त राहिलेल्या जागा मागतं, त्यामुळे वेळही फुकट जात नाही. शेवटी ६४ केबी राहिलं. हे बरोबर दोन गठ्ठे होतात. राहिलेलं ३२ च्या पटीत येतं, कारण गठ्ठा सुधारला तर सगळा सुधारतो, नाहीतर सगळाच जातो.

सेकंदाला ६ मेगाबिटच्या चित्रात ६४ केबी म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्साही नाही. पण एमपीइजी-२ मध्ये बरीचशी चित्रं आधीच्या चित्रातला फरक म्हणून साठवतात, पूर्ण चित्र पालमध्ये साधारण १२ ते १५ चित्रांतून एकदा. म्हणून एवढ्याशा खड्ड्याने अर्धा सेकंद फाटतो.

अर्धा सेकंद फाटला तर कुणी रडणार नाही, प्लेअर तिथं कायमचा बसतो त्याचं कारण दुसरं. व्हीओबीमध्ये दर अर्ध्या-एक सेकंदाला एक नॅव्ह पॅक असतो. पुढचा तुकडा कुठं आहे हे त्यात लिहिलेलं असतं. तोच शून्यांत बुडाला की प्लेअरला पुढं कुठं जायचं कळत नाही. म्हणून खड्डा असलेली इमेज तशीच राईट करून भागणार नव्हतं. प्रोजेक्ट एक्स या सॉफ्टवेअरने चित्र आणि आवाज वेगळे केले. फाटलेला तुकडा त्याने काढून टाकला आणि आवाजही तेवढाच कापून जुळवून दिला. मग डीव्हीडी ऑथर या दुसऱ्या सॉफ्टवेअरने आयएफओ, बीयूपी, नॅव्ह पॅक नव्याने. चित्र पुन्हा एन्कोड केलं नाही, म्हणजे दर्जा होता तसाच. खंजिरीचा एक ठेका गेला. मंडळातल्या जाणकारांना तो ऐकू येईल, बाकीच्यांना नाही.

१७ मार्च

नंदनवनच्या दादांचा प्लेअर. छापील सिनेमा चालतो, राईट केलेली डिस्क मूड असेल तर. जुन्या लेसरचं हे नेहमीचं लक्षण : छापील डिस्कवरून उजेड भरपूर येतो तोवर निभतं.

झाकण उघडलं, लेन्सवर अगरबत्तीचा चिकट थर. प्लेअर देव्हाऱ्याशेजारी होता. कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलक्या हाताने पुसली, लेन्स तारांवर तरंगती असते, दाबायची नाही. सळ्यांवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवं लावलं. फरक पडला, पूर्ण नाही. लेन्सच बदलावी लागेल असं मेकॅनिकनेही सांगितलं. सान्योची एचडी-६५, देशी प्लेअरमध्ये सर्रास दिसणारी. नव्या लेन्सच्या पट्टीवर सोल्डरचा छोटा थेंब असतो, अंगातल्या स्थिर विजेने लेसर जळू नये म्हणून. जोडणी झाल्यावर तो काढला नाही तर नवीकोरी लेन्सही 'नो डिस्क'च म्हणते. काही जण लेन्स बदलण्याऐवजी लेसरचा स्क्रू फिरवून ताकद वाढवून देतात. चार दिवस चालतं, मग डायोड जळतो. आणि उघड्या प्लेअरमध्ये डोकावून लेसर लागतो का हे पाहू नये.

२५ मार्च

धुळवड. काम बंद.

३० मार्च

२००६ चा कार्यक्रम : अटकत कुठंच नाही, पण टाळ हलला की चित्र थरथरतं. काकाजी म्हणाले, "डोकं दुखून येते पाहून पाहून." सगळ्या प्लेअरवर तसंच, कॉम्प्युटरवर मात्र नाही.

पाल चित्र दोन फील्डचं, एकात विषम रेषा, दुसऱ्यात सम. मिनी डीव्ही कॅमेरा खालची फील्ड आधी देतो. राईट करणाऱ्याच्या सॉफ्टवेअरने वरची आधी आहे असं शिक्क्यावर लिहून टाकलं. प्लेअर शिक्का मानतो आणि प्रत्येक चित्रात हालचाल एक पाऊल पुढं, एक मागं दाखवतो. कॉम्प्युटर दोन्ही फील्ड एकदम दाखवतो, म्हणून तिथं लपतं. प्रत्येक चित्राच्या शीर्षात यासाठी एकच बिट असतो. रीस्ट्रीम नावाच्या जुन्या छोट्या प्रोग्रॅमने तो उलटा केला, पुन्हा एन्कोड न करता. काकाजींकडे लावून दाखवलं. "आता बसलं," म्हणाले, आणि टीव्हीसमोरून हलेनात.

६ एप्रिल

भाच्याचं म्हणणं : पेन ड्राइव्ह वाट न मामा, डीव्हीडीच्या मागे कुठं लागला. त्याच्या पिढीसाठी बरोबर आहे, त्यांना देणारच. पण ज्यांच्यासाठी हे चाललंय त्यांच्या घरी पंधरा वर्षांचा प्लेअर आणि रिमोटचं एकच ओळखीचं बटण आहे. त्या प्लेअरला यूएसबी असली तरी तो डिव्हएक्स, एक्सव्हिड नाहीतर एमपीइजीच्या फाइली घेतो. मोबाइलवरचा एच.२६४ दिला की 'फाइल चालत नाही'. पेन ड्राइव्हही फॅट-३२ चाच लागतो, त्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. दोन्ही करू.

१३ एप्रिल

कोऱ्या डिस्क आणायला सीताबर्डी. जिथं पूर्वी पन्नासाचे डबे उतरंडीने रचलेले असायचे तिथं आता मोबाइलची कव्हरं. एका दुकानदाराने आतून काढून दिल्या : "भाऊ, आता कोन नेते हे? तुम्ही काहून नेऊन राहिले एवढ्या?" भजन मंडळासाठी म्हटल्यावर भाव जरा उतरला.

डब्यावरचं नाव आणि डिस्क खरोखर बनवणारा कारखाना एकच असेल असं नाही. खरा कारखाना डिस्कच्या आत कोरलेल्या संकेतावरून कळतो, डिस्क राईट करायचं इमेजबर्न हे सॉफ्टवेअर तो दाखवतं. म्हणून थोड्याच घेतल्या. पारदर्शक झाकणाच्या आणि काउंटरवर उन्हात राहिलेल्या घेतल्या नाहीत. मुद्दाम प्लस आर (एकदाच लिहायच्या डिस्कचा एक प्रकार) शोधल्या, कारण पुढं येईल.

२० एप्रिल

काल मतदान होतं, आज चाचणी. प्रत्येक डिस्कचा हिशेब असा ठेवला : ९० मिनिटं, सरासरी ६ मेगाबिट, म्हणजे ४.०५ जीबी. कड मोकळी राहते. तासभर जास्त कोंबण्यापेक्षा दोन डिस्क बऱ्या. जिथं चित्र नव्याने एन्कोड करावंच लागलं तिथं कमाल ८ मेगाबिटवर बांधली. नियम ९.८ पर्यंत परवानगी देतो, पण गर्दी, दिवे आणि टाळ्या एकत्र आल्या की जुन्या प्लेअरची राईट केलेल्या डिस्कवर दमछाक होते.

आवाज एसी-३ चा. आयएफओ आणि बीयूपी एकाच ३२ केबीच्या गठ्ठ्यात येऊ नयेत हे इमेजबर्नमध्ये पाहून घेतलं, नाहीतर एक डाग दोघांनाही नेतो आणि नक्कल ठेवण्याचा उपयोग उरत नाही. १६ एक्सच्या डिस्क ८ एक्सने राईट केल्या. अगदी कमी वेगाने चांगल्या होतात हा समज जुना आहे. आजच्या डिस्कचा रंग वेगासाठीच बनवलेला असतो, फार हळू केलं तर चुका वाढलेल्याही दिसतात. दोन्ही स्कॅन करून पाहिलं. ८ एक्सचा आलेख जास्त शांत.

प्लस आरची खुबी : 'मी कुठल्या प्रकारची डिस्क आहे' ही नोंद, बुक टाइप, राईट करताना बदलता येते, ड्राइव्हने परवानगी दिली तर. डीव्हीडी-रॉम, म्हणजे छापील डिस्क, अशी नोंद केली. मानेवाड्यातला सगळ्यात हट्टी प्लेअर प्लस आर म्हटलं की तोंड फिरवायचा. नोंद बदललेली डिस्क त्याने मुकाट घेतली. डिस्क तीच, मजकूर तोच.

२७ एप्रिल

सगळा संच राईट झाला. प्रत्येक डिस्क लिहिल्यावर मूळ इमेजशी पडताळून पाहिली. पडताळणी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये करतो, जिने लिहिलं तिला स्वतःचं अक्षर नेहमीच वाचता येतं. स्टिकर नाही. आतल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईच्या मार्करने नंबर, बाकी सगळं पाकिटावर. महाराजांचा फोटो पाकिटावर छापून घेतला. तो डिस्कवरच हवा असा आग्रह झाला, मी मानला नाही.

१ मे

काल वाटप झालं. आज फोन करून विचारलं : काकूंचा पेटीवाला तोंड मिटून पुढं गेला. महालात चालते, नंदनवनला चालते. वाडीच्या एका घरी नवीही चालत नाही. तिथं छापील डिस्क लावायला सांगितली, तीही नाही. प्लेअर मेकॅनिककडे.

२६ मे

नवतपा लागला. ठेवणीचं काम याच दिवसांत केलेलं बरं, म्हणजे कुठली खोली किती तापते ते अंगावर कळतं. सगळ्यांना सांगितलं : पत्र्याखाली नको, देव्हाऱ्याजवळ नको, आणि कूलरच्या खोलीतही नको. कूलरने गारवा वाटतो, पण हवा दमट होते, आणि डिस्कला ओल उन्हाइतकीच वाईट. आतल्या खोलीतलं लाकडी कपाट, डिस्क उभी, पाकिटात.

इमेज दोन हार्ड डिस्कवर, प्रत्येकीसोबत चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का हे ताडायचा आकडा). डीव्हीडिझास्टर वापरून डिस्कवरच उरलेल्या जागेत दुरुस्तीची माहिती भरता येते, ४.०५ जीबीच्या मजकुराला ती १५-१६ टक्के मिळते आणि डिस्क प्लेअरवर तशीच चालते. पण मग डिस्क काठोकाठ भरते. वाटायच्या कॉप्यांना ते केलं नाही. मंडळाच्या ठेवणीच्या दोन संचांना केलं. ते वाजवायचे नाहीत, दिवाळीनंतर स्कॅन करून आजच्या आलेखाशी ताडून बघायचे.

८ सेंटीमीटरच्या डिस्क राहिल्या होत्या. आयसोबस्टरने न बंद केलेल्या डिस्कचा मजकूरही वाचता येतो. पहिलीतून १८ मिनिटं निघाली, आवाज फक्त डाव्या बाजूने. बाकीच्या पावसाळ्यात.